वरचा मजला

"आणि शुक्रवारी आगाजानांकडे जेवायला कशातून जायचं? गाढवावरून?" अर्दलानने विचारलं.

"छोट्या गाडीतून," मेहनोश म्हणाली. "तिलाही चार चाकं असतात म्हणे."

अर्दलान खिडकीत उभा होता. खाली त्याची मोठी पांढरी कोरियन गाडी धुऊन-पुसून उभी होती. इथे घरात मात्र गेल्या वर्षीची खोकी अजून फोडलेली नव्हती. घरमालकाने यंदाही भाडं वाढवलं होतं, म्हणजे उन्हाळ्यात पुन्हा बिऱ्हाड हलवणं आलं.

शिराझच्या पार टोकाला, डोंगराच्या अंगाला एक दोन खोल्यांचा फ्लॅट मिळत होता. ही गाडी विकून छोटी घेतली तर जमत होतं. अडलं होतं ते खुसरोपाशी.

खुसरो त्याचा साडू. मेहनोशच्या थोरल्या बहिणीचा, शहलाचा नवरा. फरशांचा धंदा, बागेसकट बंगला, आणि दरवर्षी नवी गाडी. या माणसाचं आपल्याला काहीच वाटत नाही, असं अर्दलान सगळ्यांना सांगत असे. थापा! खुसरोच्या बुटांचासुद्धा त्याला हेवा वाटे. त्याच्या बरोबरीने उभं राहावं अशी एकच वस्तू अर्दलानकडे होती, आणि तीच विकायची होती.

शुक्रवारी सगळे सासऱ्यांकडे, म्हणजे आगाजानांकडे, जमले. आगाजानांनी भाताची कुरकुरीत खरवड पहिल्यांदा खुसरोपुढे धरली. खुसरोने मोठा तुकडा उचलला. "नको नको" नाही, "आधी तुम्ही घ्या" नाही, काही नाही. अडाणी कुठला! अर्दलान मनातल्या मनात जळला. आगाजानांचा लाडका कोण, ते दिसतच होतं.

"अर्दलानजान, गाडी विकायला काढलीस म्हणे?" खुसरो चावता चावता म्हणाला. "काय झिजलं, टायर की खिसा?"

शहला खुदकन हसली. मेहनोश ताटाकडे बघत राहिली.

"गाडी कशाला विकतोस?" आगाजान म्हणाले. सासूबाई गेल्यापासून ते खालच्या मजल्यावर एकटेच राहत. "वरचा मजला रिकामा पडलाय. इकडे राहायला या. तुमच्या नावावर करून देतो."

अर्दलानने छातीवर हात ठेवला. "तुमची सावली अशीच राहो आमच्यावर. पण तुम्हाला त्रास नको."

चहाच्या वेळी म्हाताऱ्याने पुन्हा विषय काढला. अर्दलानने पुन्हा मान झुकवून नको म्हटलं. निघताना तर ते चपला न घालताच फाटकापर्यंत आले. "अरे, देवाशपथ सांगतो, या."

"तुम्ही म्हणालात, त्यातच सगळं आलं, आगाजान. लाजवू नका."

गाडीत बसल्यावर मेहनोश म्हणाली, "बाबा खरंच म्हणत होते."

"अगं, टॅक्सीवालाही 'पैसे राहू द्या' म्हणतो. म्हणून कोणी तसंच उतरतं का? घरात खुसरो बसलेला, लाडक्या जावयासमोर म्हणायचं म्हणून म्हणाले ते. मी 'हो' म्हटलं असतं ना, तर शहरभर सांगितलं असतं त्याने, की अर्दलान घरजावई झाला!"

मेहनोशला रडू येत होतं. पण मुलीने बापाचं घर तोंड उघडून मागायचं कसं?

पुढच्या आठवड्यात गाडी विकली. घेणारा बायकोला घेऊन आला होता. ती मेहनोशच्या जागेवर ऐसपैस बसली आणि आरशात बघून तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. वरून बघणाऱ्या मेहनोशला तिचे दात पाडावेसे वाटले.

फ्लॅट झाला. स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस मावे, आणि पाणी रात्री येई. नवी छोटी गाडी इतकी बुटकी होती की अर्दलानला गुडघे छातीशी घेऊन बसावं लागे. पण घर स्वतःचं होतं. आता कुणी उठ म्हणणार नव्हतं. मेहनोशने एकदाची सगळी खोकी फोडली.

शुक्रवारची जेवणं मात्र अर्दलान चुकवू लागला. कधी डोकं दुखे, कधी पाहुणे येत. छोट्या गाडीतून उतरताना खुसरो बघेल, ही त्याला धास्ती. शेवटी मेहनोश म्हणाली, "बाबा काय म्हणतील?" तेव्हा तो निघाला. गाडी त्याने मुद्दाम मागच्या गल्लीत लावली.

फाटक उघडंच होतं. अंगणात खुसरोची गाडी उभी. वरच्या मजल्याच्या कठड्यावर गालिचे वाळत टाकलेले. खिडक्यांना नवा रंग. शहला वरून सुताराला ओरडत होती.

"अर्दलानजान!" खुसरो कठड्यावरून वाकला. "ये, ये, वर ये! आमचा बंगला दिला भाड्याने. तिथल्यापेक्षा इथे हवा छान आहे रे!"

मेहनोशने अर्दलानचा हात धरला, तो त्याने झटकला. तडक स्वयंपाकघरात गेला. आगाजान एकटेच भाजी निवडत बसले होते.

"आगाजान, मला कळलं होतंच," तो म्हणाला. "खुसरो तुमचा लाडका. त्यालाच द्यायचं होतं, तर माझ्यापुढे कशाला नाटक केलंत?"

म्हाताऱ्याने दाराकडे बघितलं, मग छताकडे. वर कुणीतरी कपाट ओढत होतं.

"हळू बोल," ते म्हणाले. "तुला मी शपथ घालून सांगितलं. तू ऐकलं नाहीस. मग थोरल्या जावयाला वाईट वाटायला नको, म्हणून त्यालाही एकदा नुसतं तोंडदेखलं विचारलं. तर तो 'बरं' म्हणाला."