यायचं पान

लातूर जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात उदगीरच्या गंगम्माचा मुलगा मन्मथ “अव्वा, येतो” म्हणून मस्कतला कामाला गेला आणि तिथंच मातीआड झाला. त्याची पेटी तेवढी परत आली. तिच्यात विमानाचं तिकीट होतं.

त्याला मस्कतला धाडणाऱ्या एजंटानं ते वाचून सांगितलं, “मावशी, यायची तारीख मोकळी हाय. वर्षभरात कवाबी येता येतंय.”

गंगम्मानं तेवढंच धरून ठेवलं. टँकर आठवड्यानं यायचा, तरी आल्या माणसाच्या पायांसाठी ती रोज दाराशी तांब्या भरून ठेवायची.

वर्ष संपलं त्या दुपारी तिनं तिकीट उघडलं. यायचं पान नव्हतं. जायचं पान विमानात चढताना फाडून घेतलं होतं, तसंच तेही नीट रेघेवर फाडून घेतलेलं.

ती दाराशी धावली. सकाळी भरलेला तांब्या रिकामा होता, भोवतीची माती कोरडी.

मागून, घरातून आवाज आला, “अव्वा, अजून पाणी हाय का?”