रिकामी जागा

एरमेसचा डावा पाय सवयीने पुढे गेला आणि अधांतरीच राहिला. जिथे क्लच असायचा तिथे नुसती जागा होती. उजवा हात गिअरच्या दांड्याकडे गेला, तर दांडाही नव्हता. स्टिअरिंगच्या मागे कानांसारखी दोन पाती तेवढी होती. उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा.

कारखान्याच्या चाचणी-रस्त्यावर त्याने एक फेरी मारली आणि गाडी आणून उभी केली. इटलीतल्या मारानेल्लो गावात वेगवान गाड्या घडवणारे अनेक होते, पण नव्या गाडीबद्दल शेवटचा शब्द चाचणी-चालक एरमेसचा असे. वळणाआधी तो गिअर उतरवायचा तेव्हा कारखान्याच्या जेवणघरात बसलेली माणसं आवाजावरून सांगत, हा एरमेस. वर्षअखेरीस तो निवृत्त होणार होता. हा नवा गिअरबॉक्स विक्रीच्या गाडीत घालायचा की नाही, हे ठरवणं त्याचं शेवटचं मोठं काम होतं.

"हात रिकामा, पाय रिकामा," तो इंजिनिअर बोनफात्तीला म्हणाला. "मी गाडी चालवतोय की न्हाव्याच्या खुर्चीत बसलोय?"

बोनफात्तीने समजावून पाहिलं. क्लचचं काम यंत्र करतं, पण गिअर कधी बदलायचा ते माणूसच ठरवतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. एरमेस हातमोजे काढू लागला. त्याचा नकार ठरल्यातच जमा होता.

तेवढ्यात नीवेस आली. ही एरमेसची मुलगी. कारखान्यातच आसनांची चामडी शिवायची. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय नेला. त्या पायाला पट्ट्यांचा आधार होता, हातात काठी. कामावर ती एका छोट्या ऑटोमॅटिक गाडीतून येई. ती गाडी आपले गिअर आपणच बदले. एरमेस तिला सोफा म्हणायचा. त्यावर नीवेस हसायची, पण त्या गाडीचं कौतुक तिनेही कधी केलं नव्हतं.

तिने उघड्या दारातून आत वाकून पाहिलं. पायांपाशी दोनच पेडल होती. ती बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

"बाबा, सरका तिकडे," ती म्हणाली.

एरमेसने बोनफात्तीकडे पाहिलं. बोनफात्तीने खांदे उडवले आणि रस्ता मोकळा असल्याचं सांगितलं. एरमेस उतरला, वळसा घालून पलीकडच्या आसनावर बसला. नीवेसने काठी त्याच्याकडे दिली, डावा पाय हाताने उचलून आत घेतला आणि त्या रिकाम्या जागेत ठेवला.

पहिल्या सरळ पट्ट्यावर ती जपून गेली. एरमेस तिला सांगणार होता की आता बदल, पण त्याच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच तिने पातं ओढलं. पुढच्या वेळीही तसंच झालं. इंजिनाचा सूर चढत गेला, आणि तो फाटायच्या बेतात आला की नेमकी तिची बोटं हलायची. मग पुलाजवळचं वळण आलं. तिथे नवखे चालक हमखास गडबडत. नीवेसने ब्रेक दाबला, डावं पातं एकदा ओढलं, क्षणभर थांबली, पुन्हा ओढलं. इंजिन गुरगुरलं. गाडी वळणात शिरली आणि दोरीने ओढल्यासारखी पार झाली.

तो क्षणभराचा थांबा एरमेसचा होता. जगात दुसरं कुणीही तिथे तसं थांबत नसे. त्याने तो कुणाला शिकवला नव्हता; शिकवता येईल असं त्याला वाटतही नव्हतं. शेजारी त्याची मुलगी ओठ घट्ट मिटून समोर बघत होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला ती हात सोडायला तयार नव्हती.

गाडी थांबली तेव्हा जेवणघराच्या दारात माणसं जमली होती. त्यांतल्या एकाने गाडीकडे येता येताच ओरडून विचारलं की एरमेस, आज एवढं झकास कसं काय चालवलंत, आणि वाकून पाहतो तर चालकाच्या जागेवर नीवेस. एरमेसने काच खाली करून बोनफात्तीला एवढंच सांगितलं की गिअरबॉक्स गाडीत जाऊ दे.

मग तो नीवेसकडे वळला.

"कुठे बदलायचं, कुठे थांबायचं, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की," नीवेस म्हणाली. "दर रविवारी शेजारी बसवून डोंगरातून फिरवून आणायचात. पोरीला तेवढाच विरंगुळा, असं आईला सांगायचात. मी फिरत नव्हते, बाबा. मी गाडी चालवत होते."