ताठ मानेनं

परग्रहावरच्या वाळवंटात यंत्रं एकेका माणसाला उचलून नेत होती आणि उरलेले त्यांना शोधत हिंडत होते. सिनेमाचा हा दुसरा भाग पहिल्याहून भयाण. मी खुर्ची घट्ट धरून बसले होते. नेल्दामावशी मात्र शेंगदाणे खात होती.

बाहेर आल्यावर विचारलं, "मावशे, भीती नाही वाटली?"

"डोंबलाची भीती! शोधणारी माणसं अशी ताठ मानेनं चालतात होय?"

आमच्या कालामा गावात घरचा रस्ताही वाळवंटातूनच जातो. लष्करानं मावशीच्या नवऱ्याला, ओस्वाल्दोकाकांना, उचलून नेऊन याच वाळूत कुठंतरी पुरलं, त्याला सोळा वर्षं झाली.

मावशी खाली बघत चालत होती. मध्येच थांबून तिनं चपलेच्या टोकानं काहीतरी पांढरं उलटवलं. मी वाकून बघितलं.

खडाच होता.