तिरकं स्टिकर

लाइनमन शिडी घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानाच्या दारात उभा राहिला आणि नेमका तेव्हाच जुना फोन वाजला.

"विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, ते हे असं," मालक हसून म्हणाले.

मालकांच्या लेखी तो फोन म्हणजे पोसलेला पांढरा हत्ती होता. गिऱ्हाइकं सगळी मोबाइलवर यायची. या फोनवर यायचे ते राँग नंबर. दरवर्षी ते फोन काढायचं म्हणत आणि दरवर्षी दुकानातला दुरुस्तीवाला मोडता घाली. जुन्या मशिनांवरच्या स्टिकरवर हाच नंबर आहे, अडलेल्यांनी फोन कुठे करायचा, असं त्याचं म्हणणं. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण बंद पडलेल्या कॅबिनेटला तो आधी कान लावायचा. डाव्या अंगठ्याला नख नसल्यामुळे बारीक स्क्रू उचलायला त्याला चिमटा लागायचा. माणूस कामाचा, पण हट्टी. यंदा मात्र मालकांनी त्याचं ऐकलं नव्हतं.

डॉक्टरने फोन उचलला. पलीकडचा माणूस धापा टाकत बोलत होता. मुलीची प्रवेशपरीक्षा होती, घरूनच द्यायची, अकराला. लॅपटॉपने ऐन वेळी मान टाकली. म्हणून बायकोचा, त्यांच्या लग्नाआधीचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढून जोडला, तर मॉनिटर काळा ठिक्कर. बायको कामावर होती आणि तिचा फोन लागत नव्हता. हा पेपर हुकला तर मुलीचं अख्खं वर्ष जाणार होतं.

"कॅबिनेटवर तुमचं स्टिकर आहे, म्हणून हा नंबर लावला," तो म्हणाला. "हातात पंधरा मिनिटं आहेत हो."

"स्टिकर कुठे आहे? समोर?"

"नाही, वरच्या बाजूला. तिरकं चिकटवलंय. का?"

डॉक्टर स्टुलावर बसला. "काही नाही. मशीन आमचंच आहे. मी सांगतो तसं करत जा."

लाइनमनला अजून चार ठिकाणी जायचं होतं, आणि ते त्याने दोनदा सांगितलं. मालकांनी आपला मोबाइल वर धरून खूण केली, की यावरून बोल ना बाबा. डॉक्टरने पाठ फिरवली.

पंख्याचा आवाज येतो का, हे त्याने आधी विचारलं. येत होता. मॉनिटरचा दिवाही लागला होता, पण नारिंगी. म्हणजे कॉम्प्युटर जिवंत आहे आणि मॉनिटरही जिवंत आहे, डॉक्टरने समजावलं. घोडं मधल्या केबलपाशी अडलंय.

"केबल घट्ट आहे. तीनदा काढून लावली."

"कुठे लावलीत?"

"मागे, वरच्या निळ्या खाचेत."

"ती खाच बंद आहे. पडद्यासाठी वेगळं कार्ड नंतर बसवलंय, ते खाली. मशीन बंद करा आणि हात खाली न्या. तिथे एक आडवी खाच असेल. तिच्यावर लाल टोपी आहे, ती काढा."

पलीकडे काहीतरी पडलं. मागून एका मुलीचा रडवेला आवाज आला, "बाबा, राहू दे. आता नाही होत."

डॉक्टरच्या कपाळावर घाम जमला. आजवर किती मशिनं त्याच्या हाताखालून गेली, पण फोनवरच्या गिऱ्हाइकासाठी त्याचा जीव असा टांगणीला लागलेला मालकांनी पाहिला नव्हता.

लाइनमन शिडीवर चढला आणि त्याने वरून विचारलं, कापू का?

डॉक्टरने फोनवर तळहात ठेवला. "पाच मिनिटं थांबा," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

हा माणूस आणि कुणाच्या पाया पडतो? मालकांनी मोबाइल खिशात टाकला. त्यांनी लाइनमनला हाताने थांबवलं.

"टोपी निघाली," फोनमधून आवाज आला. "पण प्लगचा एक स्क्रू फिरतच नाही."

"डावा असेल. सोडून द्या. उजवा आवळा आणि चालू करा."

पंखा घरघरला. दिवा नारिंगीच होता. आता काय, असं तो माणूस पुन्हा पुन्हा विचारू लागला. हे मशीन सावकाश उठतं, त्याला हात लावू नका, एवढंच डॉक्टर म्हणाला. रिसीव्हर कानाशी दाबून तो पंख्याची घरघर ऐकत राहिला.

"हिरवा झाला," तो माणूस हळूच म्हणाला.

"पडद्यावर काय दिसतंय?"

"फोटो आहे. आमची लेक, लहानपणची." त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि तो हसत होता. नेटची वायर आधीच लावून ठेवली होती, आता निभावेल, असं त्याने सांगितलं आणि फोन मुलीकडे दिला.

"थँक्यू, काका," ती म्हणाली. "तुम्ही नसता तर माझं वर्ष गेलं असतं."

"स्पेसचं बटण उजवीकडून दाब. डावीकडून अडकतं."

"हो? तुम्हाला कसं माहीत?"

"जुने कीबोर्ड सगळे तसलेच. जा, पेपर नीट लिही."

पुन्हा फोनवर आलेल्या माणसाने डॉक्टरचा मोबाइल नंबर मागितला, पुढे कधी अडलं तर असावा म्हणून. आता लागणार नाही, असं म्हणून डॉक्टरने फोन ठेवला.

"कापा," त्याने वर बघून लाइनमनला सांगितलं.

मालक बघतच राहिले. इतकी वर्षं ज्या फोनसाठी भांडला, तो निघताना याने वळूनही पाहिलं नाही. तो आपला चिमटा घेऊन कामाला बसला होता, पण एकही स्क्रू त्याच्या चिमट्यात येत नव्हता.

तिकडे परीक्षेचं पान उघडेपर्यंत पडद्यावर तो फोटो होता. एक लहान मुलगी कुणाच्या तरी खांद्यावर बसून हसत होती, आणि तिच्या मुठीत दुकानाच्या स्टिकरांची पट्टी होती. खांद्यावर घेणाऱ्याचं तोंड तिच्या वाऱ्याने उडालेल्या फ्रॉकखाली झाकलं गेलं होतं. तिचे पाय घट्ट धरलेले त्याचे दोन हात तेवढे दिसत होते. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.