दोन पेले पाणी

मेकॅनिकने ओलं फडकं पेल्यावर धरून पिळलं. पेला काठोकाठ भरला. त्याने दुसरा मागितला, तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. अखेर कोणीतरी तिची बाजू घेत होतं, निदान फडकं तरी.

"आज काचा पुसायच्या नाहीत म्हणून मी मुद्दाम बजावून गेले होते," ती म्हणाली. "नाहीतर बाबा रोज सकाळी पुराव्यावर फडकं फिरवतात."

पुरावा चाळीस वर्षं जुन्या कॅम्पर व्हॅनच्या सहाही काचांवरून ओघळत होता. गाडी घराच्या मागच्या अंगणात उभी होती आणि वडील अकरा महिने तिच्यात राहत होते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कोणालाही न विचारता आणली होती, बायकोला जग दाखवायला. बायकोने जग बघायला नकार दिला. "या डब्यात मी पाऊल ठेवणार नाही," ती म्हणाली. "मग मी यातून पाऊल काढणार नाही," ते म्हणाले. मुलीने ऐकलेलं दोघांचं हे शेवटचं बोलणं. भांडण तसं लहानच होतं, पण दोघांनी ते खतपाणी घालून वाढवलं होतं. निरोपांची ने-आण मुलगी करायची.

उन्हाळा निभावला. थंडी पडली तसा मुलीचा धीर सुटला. ती नर्स होती आणि तिला सगळी थंडी रात्रपाळी लागली होती. रात्रभर छाती भरलेले म्हातारे बघून ती सकाळी घरी यायची, ती आधी गाडीची काच वाजवायची. वडील आतून खोकून हजेरी द्यायचे. शेवटी तिने या मेकॅनिकला गाठलं. त्याने आयुष्यात जुन्या कॅम्परशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावला नव्हता. त्याचा शब्द अखेरचा, असं ठरलं. गाडी राहण्याजोगी नाही असं त्याने लिहून दिलं, तर जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ रविवारी येऊन ती ओढून नेणार होते, आणि वडील मुलीच्या शेजारच्या खोलीत यायचे होते.

वडिलांनी जन्मभर कोट शिवले होते. थंडी कुठून शिरते हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी पत्र्याच्या मागे लोकर भरली होती. खाली बुचाचे तक्ते, त्यावर लोकरीचा जाड नमदा अंथरलेला. दारांच्या फटींना रबर. प्रत्येक काचेला चंदेरी कापडाचं मापात बेतलेलं आवरण, आणि त्याला काजं-बटणं. बाह्या सोडल्या तर गाडीला काही कमी नव्हतं.

मेकॅनिकने पेटती मेणबत्ती दाराच्या कडेने फिरवली. ज्योत जागची हलली नाही.

"काका, पाणबुडी यापेक्षा ढिली असते."

"मग हे पाणी आलं कुठून?" मुलीने विचारलं.

"श्वासातून, ताई. बंद जागेत माणूस झोपला की त्याची वाफ गार काचेवर जमते. पण एका माणसाचं पाणी एक पेला. वीस वर्षं काचा पिळतोय, कधी सव्वा झाला नाही." त्याने दुसरा भरलेला पेला पहिल्याशेजारी ठेवला. "हे दोन आहेत."

"मी झोपेत जोरात श्वास घेतो," वडील म्हणाले.

"दुप्पट?"

"थंडीत."

"रात्री चहाबिहा उकळता का?"

"कशावर उकळणार? गॅस मी केव्हाच काढून नेलाय," मुलगी म्हणाली. "छत गळतंय, दुसरं काय!"

"पाऊस होऊन दोन महिने झाले."

"मग दव असेल. पण गळतंय."

मेकॅनिकने छताकडे पाहिलं. मग पलंगाकडे पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं. वडील स्वतःच्या चपला बघत होते, जणू त्या आजच कोणीतरी आणून दिल्या होत्या.

"हे बघा काका," तो सावकाश म्हणाला, "छत गळत असेल तर आतली लोकर भिजली, पत्रा सडला, गाडी गेली. मला तसंच लिहावं लागेल. नीट आठवून सांगा. छत गळतं का?"

नाही म्हणायला त्याने भरपूर जागा ठेवली होती. वडिलांनी खिडकीच्या आवरणावरून हात फिरवला. एक बटण उगाचच काढून पुन्हा लावलं.

"असेल गळत," ते म्हणाले.

अकरा महिन्यांत बापलेकीचं पहिल्यांदाच एकमत झालं. मुलीला जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. "खोलीत ऊन छान येतं, बाबा," ती म्हणाली. वडिलांनी मान डोलावली. मेकॅनिकने उसासा टाकला, वही मांडीवर घेतली आणि तारीख घातली.

आई त्याच्यासाठी चहा घेऊन कधीची दाराशी उभी होती. तिने कप आत दिला. नवऱ्याकडे पाहिलं नाही. मेकॅनिकने पहिला शब्द लिहीपर्यंत ती थांबली. मग पदराने हात पुसत म्हणाली,

"खोडा ते. छत ठणठणीत आहे. वरची झडप जरा उघडी ठेवा म्हणून रोज रात्री कानीकपाळी ओरडते, तर म्हणतात, तुला गार लागेल."