दारावरची संख्या

तेराव्याची पंगत उठल्यावर मृणालिनीने दारावर कोरलेली लांबलचक संख्या कागदावर उतरवली आणि तिला आपल्या संख्येने भागायला घेतलं. भागाकार हातानेच करायचा, असा रिवाज होता.

लग्नात नवरा-बायको एकेक मोठी मूळ संख्या निवडत. तिला ती स्वतः आणि एक सोडून कशानेच भाग जात नसे. ती एकमेकांनाही सांगायची नसे. दोघांच्या संख्यांचा गुणाकार दारावर कोरला जाई आणि आपापल्या संख्येने दोघांनाही दार उघडता येई. एक गेला की दुसऱ्याने भागाकार करून त्याची संख्या काढायची आणि जन्मभर पाठ ठेवायची.

तिचा नवरा एकनाथ अबोल होता. निदान आज त्याच्या मनातलं काहीतरी कळणार होतं.

भाग पूर्ण गेला. उत्तर पाहून ती थबकली. लग्नाआधी एकदा फोन बंद करायचा विसरून ती आपली संख्या मोठ्याने घोकत बसली होती. पलीकडे तो होता.

आता नवीन पाठ करायला काहीच नव्हतं.

"वहिनी, निघाली का दादाची संख्या?" नणंदेने आतून विचारलं.

"निघाली," मृणालिनी म्हणाली. "माझीच आहे."