खाचेतल्या गाड्या

दुसऱ्या वळणावर निळी गाडी पुन्हा खाचेतून उडाली आणि नरहररावांच्या चपलेशी येऊन पडली. त्यांनी ती उचलली, फुंकर मारली आणि ट्रॅकवर नीट बसवली. गिऱ्हाईक नसलं की उदय दोन्ही हातांत दोन बटणं धरायचा आणि स्वतःशीच शर्यत लावायचा.

"आज कुणी आलं होतं?" नरहररावांनी विचारलं.

"दोघं आले होते. एसीत बसायला," उदय म्हणाला. "टेन्शन नका घेऊ बाबा. जमून जाईल सगळं."

भोपाळच्या त्या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर उदयने दुकान थाटलं, त्याला वर्ष होत आलं होतं. मधोमध भलंमोठं टेबल, त्यावर वळणावळणाचा रस्ता, रस्त्याला खाचा आणि खाचांतून विजेवर पळणाऱ्या वीतभर गाड्या. भिंतीलगत जोडायची विमानं, जहाजं, रंगांच्या इवल्या डब्या. नरहररावांची हयात कारखान्यात टर्बाइनपाशी गेलेली. इंजिनिअर झालेल्या पोरानं खेळण्यातल्या गाड्या पळवाव्यात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून पचलं नव्हतं. पण तेव्हा ते गप्प बसले. आणि एकदा गप्प बसलेला बाप पुढे बोलायला मुहूर्तच शोधत राहतो.

मुहूर्ताला आता वेळ उरला नव्हता. पुण्याच्या जावयानं, विजयनं, आपल्या कंपनीत उदयसाठी जागा धरून ठेवली होती, पण ती महिनाअखेरपर्यंतच. दिवाळीनंतर पिपलानीचं क्वार्टर कारखान्याला परत करायचं होतं. उदयनं पुण्याची नोकरी धरली असती, तर तिघांचं बस्तान एकाच छपराखाली बसलं असतं. नाहीतर म्हातारपणी कुठे जायचं, हे नरहररावांना ठाऊक नव्हतं.

"तुम्हीच बोला," मंदाकिनीबाई रोज म्हणत. "माझं तो हसण्यावारी नेतो."

बोलणं सोपं नव्हतं. नरहररावांच्या वडिलांचं वाईला किराण्याचं दुकान होतं, आणि त्या घरात अशुभ शब्दाला उंबऱ्याबाहेर ठेवायची रीत होती. फुटलेली बांगडीसुद्धा तिथे 'वाढायची'. जिथे रोज उदबत्ती लागते तिथे 'बंद' म्हणायचं नाही, हे नरहररावांच्या अंगात मुरलेलं. शिवाय पोराचा उत्साह पाहिला की त्यांची जीभ टाळूला चिकटायची.

त्या दिवशी मात्र त्यांनी गाडी खाचेत ठेवली आणि हात तसाच टेबलावर टेकवला.

"उदय, मी खूप विचार केला. आता वाढव दुकान. मागंपुढं पाहू नकोस."

उदयच्या हातातली बटणं खाली आली.

"खरंच म्हणताय, बाबा?"

"खरंच. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मी आहे तुझ्या पाठीशी."

"तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं," उदय म्हणाला. त्यानं वाकून पाय धरले, तेव्हा त्याचा आवाज भिजला होता. नरहररावांनाही भरून आलं. एवढ्या शहाण्या पोराला आपण वर्षभर उगाच भ्यायलो, असं त्यांना वाटलं.

घरी येताच मंदाकिनीबाईंनी विचारलं, "नीट सांगितलंत ना?"

"दुकान वाढव म्हणालो."

"बरं केलंत. बंद कर म्हणाला असतात, तर काळजाला लागलं असतं त्याच्या."

उदय त्या रात्री पोटभर जेवला. पुढचे दिवस तो सकाळी निघायचा तो दिवेलागणीला परतायचा, केसांत भुसा, हाताला चिकटपट्टी. सामान उतरवायचं म्हणजे खटाटोप असणारच.

"विजयदादांना फोन करून टाकला, बाबा," त्यानं एकदा जेवताना सांगितलं.

"काय म्हणाला?"

"जरा चुप झाले. मग म्हणाले, बाबांना विचारलंस ना? मी म्हटलं, त्यांचाच तर शब्द आहे."

"चांगलं केलंस."

"बाजूवाल्या जागेचंपण बोलणं झालं."

शेजारचा कपडेवाला उदयची जागा घेणार, हे नरहररावांनी ताडलं. चला, तीही काळजी मिटली. "मी येऊ का मदतीला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दोघं रविवारीच या. तोवर उरकतो मी."

शनिवारी नरहररावांनी पिपलानीच्या बाजारातून रिकामी खोकी आणि सुतळी आणली. विमानं नाजूक, म्हणून जुनी वर्तमानपत्रंही घेतली. रात्री त्यांना झोप आली नाही. पोराच्या स्वप्नाची आपणच मोट बांधायला निघालो, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. पण इलाज नव्हता.

रविवारी ते दोघं मॉलमध्ये पोचले, तर दुकानासमोर ही गर्दी. स्वस्तात माल निघतोय म्हटल्यावर लोक येणारच, असं म्हणत नरहरराव खोकी सावरत पुढे सरकले.

मधली भिंत नव्हती. कपडेवाल्याच्या दुकानाची जागा रिकामी करून तिथवर नवाकोरा ट्रॅक नेला होता, दुप्पट लांबीचा, आणि त्यावर झेंडूच्या माळा होत्या. मंदाकिनीबाईंनी नवऱ्याची बाही घट्ट धरली. तेवढ्यात उदय धावत आला, त्यानं खोक्यांसकट वडिलांना कवेत घेतलं आणि त्याच भिजल्या आवाजात गर्दीला सांगितलं, "सब बोले, बंद कर दे. एक मेरे बाबा बोले, बढ़ा."